सत्तावीस सेंटिमीटर

मैदान उतरतं आहे, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं.
पश्चिमेच्या गोलपासून पूर्वेच्या गोलपर्यंत
सत्तावीस सेंटिमीटर.
समितीचे साहेब टोपी काढून घाम पुसत म्हणाले, चालणार नाही.
आशिया खंडातली पोरं इथं महिनाभर सरावाला येणार,
त्यांना सपाट पाहिजे,
पाणी भरलेल्या परातीसारखं.

यंत्र कशाला आणलं, साहेब?
आम्ही पायानं सांगितलं असतं.
इलाही नदाफ नाणेफेक जिंकला की
क्षणभर विचार करायचा नाही, खालचा गोल घ्यायचा.
ताकद आहे तोवर चढून घ्यायचं,
दमल्यावर उतरायचं.
कोच नव्हताच आम्हाला.
तो कापूस पिंजायला सायकलवरून गाव पालथा घालायचा,
चढ त्याच्या मांड्यांना पाठ.

फक्कीच्या रेषा लक्ष्मीपती चिलका मारायचा.
मागावरून आणलेलं सूत, दोन टोकांना दोन खिळे,
गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून.
पेनल्टीचा ठिपका त्याचा हमखास वीतभर जवळ पडे.
बाहेरगावचे कीपर पावलं मोजायचे,
शिव्या घालायचे,
आणि गोल खायचे.

मे महिन्यात काम लागलं. चव्वेचाळीस अंश.
खोदताना निघालं ते असं:
तळ नसलेला एक बूट,
गड्ड्यातल्या कुठल्यातरी पाळण्याची कडी,
आणि खालच्या कोपऱ्यात हातभर काळा थर,
बंद पडलेल्या मिलच्या बॉयलरची राख.
तेव्हा कळलं,
तिथं पडलं की गुडघे आठ-आठ दिवस
काळे का राहायचे.
डंपर ती राख कुठं घेऊन गेला, विचारायचं राहून गेलं.

मग गवत आलं, गुंडाळ्या करून,
चादरींचे गठ्ठे यावेत तसं,
आणि काठाला काठ भिडवून अंथरलं.
चिलका कुंपणाबाहेरून बघत होता.
"जोड दिसतोय बे. दोन महिन्यांत उसवतंय बघ."
उसवलं नाही.

फवारे पहाटे चारला सुरू होतात. रोज.
आमच्या गल्लीत नळाला पाणी पाचव्या दिवशी.
वारा इकडचा असला की विडी कारखान्याच्या बायका
कुंपणाला खेटून उभ्या राहतात
तोंड ओलं होईपर्यंत,
मग कामावर जातात.
भांडत नाहीत. म्हणजे, भांडल्या होत्या.
अर्ज दिलाय. पोच आहे.

खोटं कशाला बोलू, देखणं झालंय.
पोरींना कपडे बदलायला वेगळी खोली,
आतून लागणारी कडी.
इलाहीची नात जास्मीन तीन वेळा आत गेली
नुसती कडी लावून बघायला.
आमच्या वेळी पोरी मैदानावर नव्हत्याच,
म्हणून कडीही कुणाला सुचली नाही.

दिवे तपासायला माणसं हवी होती, म्हणून आम्हाला बोलावलं.
पंधरा मिनिटं. थुंकायचं नाही, अशी पाटी.
एका माणसाच्या चार सावल्या पडत होत्या,
माझा तर दोनदा त्यातच पाय अडखळला.
इलाहीनं उजवीकडून बॉल सोडला,
तीस वर्षं सोडायचा तसा,
जरा हलकाच,
बाकीचं मैदान बघून घेईल अशा हिशेबानं.
बॉल अर्ध्यावर थांबला.
आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो,
जणू कुणीतरी बोलता बोलता मधेच गप्प झालंय.
तेवढ्यात जास्मीन आमच्यामधून पळत गेली,
घेऊन गेली.
"दादाजी, जोर लावायचा," लांबून ओरडली.

पंधरा मिनिटं संपली. दिवे एकेक करून मालवले.
चिलका वाकून पेनल्टीचा ठिपका चाचपत होता,
वॉचमननं उठवला.

गेटबाहेर रस्ता अजून तसाच आहे,
पूर्वेला उतरणारा.
इलाहीनं सायकलवर टांग टाकली.
पायडल मारलं नाही.